खुर्ची भिंतीपाशी कशी गेली

१

खुर्ची सापडली. चारही पाय शाबूत, वेताची वीण जशीच्या तशी. चोर कोण तेही कळलं, आणि तपास करणाऱ्या फौजदाराने आपल्या नोकरीतलं सगळ्यांत चोख काम त्या दिवशी केलं. त्याबद्दल त्याला कोणी शाबासकी दिली नाही, कारण कोणाला ते कळलंच नाही.

पण हे आत्ताच सांगून टाकलं तर लोक उठून भांडी घासायला जातील. तेव्हा असं समजू या की यातलं काहीच घडलेलं नाही. खुर्ची गेलेली आहे, चोर मोकळा आहे, आणि फौजदार ठाण्यात बसून पेनाच्या टोपणाने कान कोरतो आहे.

"साहेब, चोरी," हवालदार दारातून म्हणाला. त्याची निवृत्ती जवळ आली होती, त्यामुळे कुठलीही बातमी तो हवामानाचा अंदाज सांगावा तशी सांगायचा.

"काय गेलं?"

"खुर्ची."

"एकच?"

"एकच. पण टीव्हीतली आहे."

फौजदाराचं टोपण कानातच थांबलं.

ती खुर्ची ज्या मालिकेत होती, ती माहीत नसलेला माणूस त्या शहरात उरला नव्हता. गुन्हेगारांची मनं वाचणारी एक बाई. खून पडला की ती आपल्या वेताच्या खुर्चीत बसायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "तो डावखुरा आहे. लहानपणी त्याचा वाढदिवस कोणी साजरा केला नाही." जाहिराती संपेपर्यंत तो डावखुरा हातकड्यांत असायचा आणि वाढदिवसाबद्दल रडत असायचा. या मालिकेने ठाण्याचं जगणं अवघड केलं होतं. परवाच एका गृहस्थाने चपला गेल्याची तक्रार देताना विचारलं होतं, "चोराचं आईशी पटत नसेल, नाही का हो?" हवालदार म्हणाला होता, "ते माहीत नाही. पण त्याच्या पायाचं माप तुमच्याएवढं असावं."

फौजदार मात्र मालिकेचा एकही भाग चुकवत नसे. चुका काढायला बघतो, असं तो सांगायचा. खरं कारण असं की ती मनं वाचणारी बाई एके काळी त्याची बायको होती.

त्याने तक्रार वाचली. 'सागवानी हातांची वेताची आरामखुर्ची. डाव्या हातावर गरम कपाचा गोल डाग.'

तो कप फौजदाराचा होता.

खालची सही बघायची गरज नव्हती. त्याने तरी बघितली. आडनाव अजून त्याचंच होतं. बदलायचा कंटाळा केला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि पुन्हा एकदा बघितलं.

२

खुर्ची आधी त्यांच्या घरात, खिडकीपाशी असायची. फौजदार ड्यूटीवरून यायचा, तिच्यात बसायचा, कप तिच्या डाव्या हातावर ठेवायचा आणि झोपून जायचा. मधे काही बोलायचं असतं हे त्याला ठाऊक होतं, पण झोप आधी यायची. तो झोपायचा खिडकीपाशी आणि जागा व्हायचा भिंतीपाशी. हे त्याला कधी विचित्र वाटलं नाही. घरांच्या जमिनी थोड्याफार उताराच्याच असतात, खुर्च्या घरंगळतात, असं त्याचं साधारण मत होतं. त्याच काळात त्याचे खाकी मोजे नाहीसे व्हायचे. पण मोज्यांच्या बाबतीत जगात आजवर कोणालाच न्याय मिळालेला नाही, म्हणून तो गप्प बसला.

मग एके दिवशी बायको गेली. एक सूटकेस आणि ती खुर्ची घेऊन. भांडण झालं नाही. भांडायला निदान दोघांनी बोलावं लागतं.

फौजदार आणि हवालदार पोचले तेव्हा स्टुडिओत सगळे दिग्दर्शकाभोवती उभे होते आणि दिग्दर्शक रिकाम्या जागेभोवती फेऱ्या मारत होता. ती रिकामी जागा म्हणजे मन वाचणाऱ्या बाईचं ऑफिस. मागे खिडकी होती. खिडकीबाहेर पडद्यावर रंगवलेलं आभाळ होतं आणि त्याला कोपऱ्यात घडी पडली होती.

"जेवणाच्या सुट्टीत गेली," दिग्दर्शक म्हणाला. "आत होतो फक्त आम्ही चौघं. मी, आमचे मनतज्ज्ञ सल्लागार, सुतार आणि मॅडम. बाकीचे बाहेर जेवत होते. फाटकावरचा रखवालदार म्हणतो, खुर्ची बाहेर गेलेली नाही."

"मग आत शोधली का?"

"कशी शोधणार? मॅडमनी कोणाला कशाला हातच लावू दिला नाही. पोलीस येईपर्यंत काही हलवायचं नाही म्हणाल्या. मी म्हणत होतो, पोलीस कशाला, आपणच शोधू. पण नाही! लेखी तक्रार द्यायचीच म्हणाल्या. भूमिकेत शिरल्यात त्या."

"एवढी घाई कसली?"

"परवा शेवटचा भाग. त्यात आम्ही ती खुर्ची जाळतोय." दिग्दर्शकाचे डोळे चमकले. "ती विचार करणं सोडून देते आणि खुर्ची पेटवते. प्रतीक आहे ते."

"मी म्हटलं होतं, तश्शीच दुसरी करून देतो," कोपऱ्यातून सुतार म्हणाला. त्याच्या तोंडात दोन खिळे होते, त्यामुळे त्याचा राग शिट्टीसारखा ऐकू यायचा. "तिचा वेत मी स्वतः दोनदा विणलाय. असली वस्तू जाळायची? माणसं जाळा त्यापेक्षा."

"खोटी खुर्ची खरी जळत नाही!" दिग्दर्शक ओरडला.

"पण ती मॅडमची ना?" फौजदाराने विचारलं.

"होती. करारात लिहिलंय, सेटवर आलेली वस्तू मालिकेची."

फौजदार गुडघ्यांवर बसला. जमिनीला ताजं काळं पॉलिश होतं. टेबल सरकवल्याच्या रेघा होत्या, कपाटाच्या होत्या. खुर्ची जिथे होती तिथून मात्र एकही ओरखडा निघत नव्हता. आणि ती खुर्ची वजनाला म्हशीसारखी होती. ती एकट्याने उचलणं त्याला लग्नातही जमलं नव्हतं.

शेजारी जमिनीवर मखमली उशी ठेवलेली होती. झटकून, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"ही उशी?"

"ती आमची. खुर्चीपेक्षा महाग आहे," दिग्दर्शक म्हणाला. "चोर गाढव दिसतोय."

"किंवा प्रामाणिक," हवालदार म्हणाला.

तेवढ्यात मागून एक भारदस्त आवाज आला. "चोर कोण आहे ते मला कळलंय."

३

मनतज्ज्ञांना दाढी होती आणि ते तिला वारंवार धीर देत. त्यांनी एक मोठा फळा आणवला होता. त्यावर फोटो होते आणि फोटोंना जोडणारे लाल दोरे होते. एक दोरा कोणालाच जोडलेला नव्हता, तो नुसता लोंबत होता.

"तुमच्या ठाण्यात असा फळा नसेल," ते म्हणाले.

"आहे की," हवालदार म्हणाला. "त्यावर आमच्या रजा लिहिलेल्या असतात. ते मोठं रहस्य आहे."

मनतज्ज्ञांनी डोळे मिटले. "चोर पुरुष आहे. चाळिशीतला. एकटा राहतो. गणवेशाची नोकरी. मालिकेचा एकही भाग चुकवत नाही. मॅडम पडद्यावरून आपल्याशीच बोलतात असं त्याला वाटतं. मनातलं ओठांवर आणता येत नाही त्याला. ओरखडे नाहीत, म्हणजे खुर्ची उचलून नेली, म्हणजे बलदंड. आणि असे लोक," इथे त्यांनी एक डोळा उघडला, "गुन्ह्याच्या जागी परत येतात. बहुतेक वेळा तपासाला मदत करायच्या निमित्ताने."

दिग्दर्शकाने फौजदाराकडे पाहिलं. सुताराने तोंडातले खिळे काढून फौजदाराकडे पाहिलं.

"साहेब," हवालदार हळूच म्हणाला, "यातलं ते 'बलदंड' सोडलं तर..."

"हवालदार."

"नाही, मी बलदंडवरच थांबतो."

टीव्हीवर असं वर्णन ऐकताना फौजदाराला नेहमी वाटायचं, असा माणूस प्रत्यक्षात असतो कुठे? आता कळलं, असतो.

४

ती मेकअपच्या खोलीत होती. मनं वाचायचा काळा कोट तिच्या अंगात होता आणि पायांत घरातल्या स्लिपर होत्या.

"बसा," ती म्हणाली. मग दोघांच्याही लक्षात आलं की बसायला काही नाही.

"चोरीच्या वेळी तुम्ही कुठे होतात?" त्याने उभ्याने विचारलं. 'तुम्ही' म्हणताना जीभ अडखळली.

"इथेच. एकटी. साक्षीदार आरसा."

"खुर्चीचं कोणाशी वैर?"

"एकच माणूस होता. गरम कप ठेवायचा."

फौजदाराने तेही लिहून घेतलं.

"बारीक झालात," ती म्हणाली. "जेवता ना नीट?"

"प्रश्न मी विचारतो."

"विचारा की. तेवढीच तर तक्रार होती माझी."

ती केसांतल्या पिना काढून डबीत टाकत राहिली. मग आरशातूनच, अगदी सहज, म्हणाली, "ती सायकल अजून आहे का हो तुमच्याकडे?"

ठाण्यात मुद्देमालाची एक खोली होती. चोरीचा सापडलेला माल निकाल लागेपर्यंत तिथे पुरावा म्हणून ठेवायचा, असा नियम. एका कोपऱ्यात कुठल्याशा जुन्या चोरीतली सायकल होती. तक्रारदार वारला, चोर वारला, पंचनामा करणारा वारला, सायकल निकालाची वाट बघत उभी. लग्नानंतर ती पहिल्यांदा ठाण्यात आली, तेव्हा ती सायकल बघून पोट धरून हसली होती. 'तुमच्या खोलीत ठेवलेलं देवालासुद्धा परत मिळायचं नाही,' म्हणाली होती.

"आहे," तो म्हणाला. "मी हवा भरतो अधूनमधून."

ती वळली. "गंमत सांगू? त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या मनात काय चाललंय, ते मला इतकी वर्षं कळलं नाही. आणि आता त्याच खुर्चीत बसून अख्ख्या शहराच्या मनातलं सांगते. लोक बाजारात पाया पडतात माझ्या."

याला उत्तर होतं. पूर्ण वाक्य होतं, क्रियापदासकट. ते त्याच्या घशापर्यंत आलं, तिथे घटकाभर थांबलं, आणि ओठांपर्यंत पोचताना वेगळंच होऊन बाहेर पडलं.

"उशी का नेली नाही चोराने?"

तिच्या चेहऱ्यावरचा एक दिवा गेला. "त्याची नसेल," ती म्हणाली.

आणि बाहेरून हवालदाराची हाक आली. "साहेब! लवकर या! मी चोरीच्या मालावर बसलोय!"

५

टीव्हीवर गुन्ह्याचा उलगडा डोळे मिटल्यावर होतो. प्रत्यक्षात निम्मे गुन्हे पाय दुखल्यामुळे सुटतात. हवालदाराचे पाय दुखले, तो टेकायला जागा शोधत मागच्या गोदामात गेला. तिथे रंगवलेली आभाळं भिंतीला टेकून उभी होती, सकाळचं, संध्याकाळचं, एक वादळाचं. वादळामागे चादर टाकलेलं काहीतरी दिसलं. तो बसला. ते कुरकुरलं. कुरकुर साहेबांच्या जुन्या घरची होती, तो तिथे कितीदा तरी जाऊन बसला होता.

"लपवलीये म्हणायची तर फारच वाईट लपवलीये," हवालदार म्हणाला. "दोन्ही हात चादरीबाहेर. लहान मुलं लपंडावात लपतात तशी."

फौजदाराने चादर ओढली. डाव्या हातावर गोल डाग होता. त्याने त्यावर तळवा ठेवला, तपासाचा भाग म्हणून. मग नजर खाली गेली.

खुर्चीच्या चारही पायांत मोजे होते.

"अरे वा," मागून आलेले मनतज्ज्ञ म्हणाले. "पावलांविषयी विकृत ओढ. मी फळ्यावर घेतो."

सुताराने मात्र कपाळावर हात मारला. "उचललीच नाही! मोजे चढवून ओढत आणली. पोर पण ओढेल अशी. ओरखडा कुठून दिसणार?"

फौजदार खाली वाकला होता आणि त्याला वर येता येत नव्हतं. मोजे खाकी होते, जुने, तळाशी पातळ झालेले. एकाच्या टाचेला हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं होतं, कारण त्या दिवशी घरातला खाकी दोरा संपला होता.

मोजे त्याचे होते.

६

हवालदारानेही ते ओळखले. त्याने घाईघाईने चादर पायांवर सोडली आणि साहेबांच्या कानाशी, कधी नव्हे ते गंभीर आवाजात म्हणाला, "साहेब, माझ्या निवृत्तीआधी मला तुम्हाला अटक करायला लावू नका."

"मी नाही नेली."

"ते मला माहीत आहे. तुम्ही बलदंड नाही. पण दाढीवाल्यांना कोण सांगणार?"

फौजदाराने चादरीचं टोक पुन्हा उचललं. तो खुर्चीच्या पायांतल्या मोज्यांकडे बघत होता. ते आजचे नव्हते. वेताची बारीक भुकटी त्यांच्या विणीत पार रुतून बसली होती, तळ घासून घासून चकाकत होते. हे मोजे या पायांवर वर्षानुवर्षं चढले-उतरले होते. आणि मग, हळूहळू, एखाद्या ढ विद्यार्थ्याला गणित कळावं तसं त्याला कळलं.

खुर्च्या घरंगळत नाहीत.

खिडकीतून गार वारा यायचा. तो झोपला की ती खुर्चीच्या पायांत त्याचे मोजे चढवायची, खरखर होऊन त्याची झोप मोडू नये म्हणून, आणि त्याच्यासकट ती म्हैस भिंतीपाशी ओढत न्यायची. रोज. तो जागा होऊन इकडेतिकडे बघायचा, आणि तो, ज्याने अर्ध्या शहराच्या चोऱ्या शोधल्या, तो म्हणायचा, जमीन उताराची असेल.

अर्ध्या तासाने सगळे ऑफिसात जमले. दिग्दर्शकाने दिवे लावून घेतले. अशा प्रसंगी दिवे हवेतच, असं त्याचं म्हणणं होतं. ती खिडकीपाशी, रंगवलेल्या आभाळापुढे उभी होती. कोटाच्या खिशात तिच्या मुठी आवळलेल्या होत्या. खुर्ची लपवून तिने करार मोडला होता. नाव बाहेर आलं तर काम जाणार होतं, आणि चोर कळला म्हणजे प्रकरण संपणार, खुर्ची मालिकेला परत मिळणार, परवा जळणार.

"चोर कोण?" दिग्दर्शकाने विचारलं.

"अज्ञात इसम," फौजदार म्हणाला. "तपास चालू आहे. खुर्ची जप्त."

"जप्त? परवा जाळायचीये ती!"

"पुरावा आहे. जाळलात तर वेगळा गुन्हा दाखल करीन."

"पण माझं वर्णन!" मनतज्ज्ञ म्हणाले.

"वर्णन अचूक आहे. त्या माणसाला मी ओळखतो," फौजदार म्हणाला. "त्याच्यावर माझी कायम नजर आहे. त्याने आजवर काहीच केलेलं नाही, हीच त्याच्याबद्दल तक्रार आहे."

७

खुर्ची गाडीत चढवताना ती बाहेर आली. हवालदार अचानक चाकाची हवा तपासायला पलीकडे गेला.

"वर्णन ऐकायचंय?" फौजदाराने विचारलं. नजर खुर्चीवर. "खऱ्या चोराचं?"

"सांगा."

"एकटीच होती. दुसऱ्याची उशी उचलत नाही. लपवायची असती तर नीट लपवली असती, तिला घर आवरताना मी पाहिलंय. म्हणजे खुर्ची सापडायलाच हवी होती. पण सेटवरच्या लोकांना सापडली तर जाळतील, म्हणून कोणाला हात लावू दिला नाही. पोलिसांनाच सापडायला हवी होती. टीव्हीवाल्यांना वाटतं, चोर पकडला की माल परत मिळतो. आमच्या खोलीत गेलेलं परत येत नाही, हे फक्त पोलिसाच्या घरात राहिलेलं माणूस जाणतं. त्यातूनही शंका होती, म्हणून सायकलीची चौकशी केली."

तिने कोटाच्या खिशांतून हात बाहेर काढले.

"आणि तिला वारा लागलेला चालत नाही," तो म्हणाला. "म्हणजे स्वतःला नाही. दुसऱ्याला."

हे त्याने आयुष्यात एका दमात केलेलं सगळ्यांत लांब भाषण होतं. हवालदाराने चाकाआडून घड्याळ बघितलं.

"इतकं कळत होतं तर तेव्हा का नाही बोललात?" तिचा आवाज नीट येत नव्हता.

"झोप लागायची."

ती हसली. हसता हसता डोळ्यांतलं काजळ खाली आलं आणि मनं वाचायच्या कोटावर पडलं. "किती दिवस राहील ती तिथे?"

"निकाल लागेपर्यंत."

"आणि निकाल कधी?"

"तपास माझ्याकडे आहे. नाही लागायचा."

आतून दिग्दर्शक ओरडला, "मॅडम, शॉट!" ती दोन पावलं गेली आणि वळली. "अहो."

या शब्दाने त्याला कोणी हाक मारून इतका काळ लोटला होता की त्याने मागे वळून बघितलं, मागे कोण आहे ते.

"पाय ओल्या जमिनीवर ठेवू नका. आणि मोजे काढू नका, वाळवी लागेल."

ती आत गेली. शेवटच्या भागात सुताराने केलेली खुर्ची जाळायला घेतली. त्याने ती सूड म्हणून इतकी भक्कम केली होती की दिवसभर पेटेना. शेवटी मनं वाचणारी बाई तिच्याकडे बघत नुसतीच उभी राहिली, आणि समीक्षकांनी त्याला प्रगल्भ म्हटलं. न लागलेल्या तपासाबद्दल फौजदाराला वरून कानपिचकी मिळाली. त्याने ती निमूट ऐकून घेतली.

आता रोज संध्याकाळी घरी जाताना तो मुद्देमालाची खोली उघडतो. सायकलीत हवा भरतो. खुर्चीवरची धूळ झटकतो. बसत नाही, कारण पुराव्याशी छेडछाड करता येत नाही. घरी जाऊन तो खिडकीपाशी सतरंजीवर झोपतो, आणि जागा होतो तेव्हा खिडकीपाशीच असतो.

मध्यंतरी त्याने रीतसर एक अर्ज केला. अशा अर्जावर तपास अधिकाऱ्याचं मत मागवतात, म्हणून तो फिरून त्याच्याच टेबलावर आला, आणि त्याने त्यावर 'सक्त हरकत आहे' असा शेरा मारला. खुर्ची एकदा खोलीबाहेर पडली की करार दाखवून तिला कोणीही मागू शकलं असतं. अर्ज असा होता:

'अर्जदार सविनय विनंती करतो की, सदर गुन्ह्यातील मुद्देमाल, वेताची खुर्ची नग एक, चारही पायांतील मोज्यांसह, अर्जदाराच्या राहत्या घरी खिडकीपाशी ठेवण्यास परवानगी मिळावी; तसेच अर्जदार सदर खुर्चीत झोपी गेल्यानंतर ती आवाज न करता भिंतीपाशी सरकवण्याकरिता, या कामाचा पूर्वानुभव असलेल्या व्यक्तीची कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी. अर्जदार यापुढे झोपण्यापूर्वी बोलेल, अशी लेखी हमी सोबत जोडली आहे.'